जर्नलात ‘प्रॅक्टिकल एरर’ चालवून घेऊ नका: खऱ्या घटकांची मॉडेल्स शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या एका प्राध्यापकांकडे सेकंड इयरचं सर्किट्स आलं आहे. मुलं मेश, नोडल, थेव्हेनिन, नॉर्टन ही सर्किट सोडवायची सगळी तंत्रं बिनचूक वापरतात. पण लॅबमध्ये रीडिंग गणिताशी जुळलं नाही, की जर्नलात ‘प्रॅक्टिकल एरर’ असं लिहून मोकळी होतात. खऱ्या बॅटरीचं, खऱ्या कपॅसिटरचं, खऱ्या ऑप-अ‍ॅम्पचं (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचं) मॉडेल शिकवावं का, शिकवायचं तर किती आणि केव्हा, आणि हे सगळं करून सिलॅबस कसा संपवायचा, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी माझं मत सांगते. खऱ्या घटकांची मॉडेल्स, म्हणजे त्यांच्या जागी कागदावर धरायची सोपी सर्किटं, हा वेगळा टॉपिक करू नका. फळ्यावर एकदम कपॅसिटरच्या शेजारी सिरीज रेझिस्टन्स, सिरीज इंडक्टन्स, लीकेज असं सगळं काढून दिलं, की मुलं ती आकृती पाठ करतात, परीक्षेत चार मार्कांना काढून दाखवतात आणि महिन्याभरात विसरतात. त्याऐवजी वर्षभर एकच नियम पाळा. मॉडेलमध्ये नवा घटक काढायचा तो साध्या मॉडेलने न सुटणारं रीडिंग समोर आलं तरच. मोजमापाने भाग पाडल्याशिवाय एकही जादा रेझिस्टर काढायचा नाही. आणि मोजमापाने भाग पाडलं, तर ‘एरर’ म्हणून सुटकाही नाही.

भोसरीत पॉवर सप्लायच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काम करून मी शिकवण्याकडे वळले. तिथे नवीन लागलेल्या मुलांमध्ये मला जी अडचण सतत दिसायची ती हीच: त्यांना मॉडेल्स माहीत असायची, पण कोणतं मॉडेल कुठवर पुरतं हे ठरवायची वेळ त्यांच्यावर कॉलेजात कधी आलेलीच नसायची.

सुरुवात बॅटरीपासून करा. तापकीर गल्लीतून नऊ व्होल्टच्या दोन-तीन नव्या अल्कलाइन बॅटऱ्या आणा, त्या चौकोनी. आणि कॉलेजच्या सभागृहातल्या कॉर्डलेस माइकमधून काढून टाकलेल्या जुन्या जमवा. नुसता मीटर लावला तर नवी साडेनऊ व्होल्टच्या आसपास दाखवते, जुन्यांपैकी एखादी साडेआठच्या वर. मुलांना विचारा, ही जुनी अजून किती चांगली आहे? बहुतेक जण म्हणतात, ‘मॅडम, जवळजवळ भरलेलीच आहे की.’ मग तिच्यावर क्रमाने १ किलोओहम, ४७० ओहम, २२० ओहम आणि १०० ओहमचा लोड लावायला सांगा. पण रीडिंग घ्यायच्या आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, पेनाने. आयडियल सोर्स (कितीही करंट घेतला तरी व्होल्टेज न बदलणारा) धरला तर अंदाज चारही ठिकाणी एकच येतो, ८.६ व्होल्ट. थकलेल्या बॅटरीवर प्रत्यक्षात साधारण ८.२७, ७.९३, ७.२८ आणि ६.१४ अशी उतरंड लागते. आडव्या अक्षावर करंट आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज घेऊन आलेख काढला, की बऱ्यापैकी सरळ रेघ मिळते आणि तिचा उतार येतो ४० ओहम. नव्या बॅटरीचा हाच उतार दोनेक ओहम असतो.

आता फळ्यावर व्होल्टेज सोर्सच्या पुढे पहिला रेझिस्टर काढा. मुलांनी तो मोजून काढलेला असतो, म्हणून तो त्यांचा असतो. थेव्हेनिनचं प्रमेय (सोर्स आणि रेझिस्टरांच्या कोणत्याही जाळ्याच्या जागी एक सोर्स आणि सिरीजमध्ये एक रेझिस्टर धरता येतो) त्यांनी तोवर फक्त कागदावरच्या सोर्सेसना लावलेलं असतं. झाकण बंद असलेल्या, आत काय आहे ते न दिसणाऱ्या डब्यालाही ते लागू पडतं, हे इथे पहिल्यांदा कळतं. थेव्हेनिन हा फ्रान्समधला टेलिग्राफ इंजिनिअर होता. त्याने हे १८८३ मध्ये मांडलं आणि जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने त्याच्या तीस वर्षं आधी, १८५३ मध्ये. मुलांना हे सांगावं, कारण प्रमेय प्रत्यक्ष कामातल्या माणसांच्या हाती कसं उपयोगाला आलं ते त्यातून दिसतं.

याच प्रयोगात एक उपप्रश्न दडलेला आहे, तो सोडू नका. १०० ओहमचा लोड नव्या बॅटरीवर लावला तर त्यात जवळजवळ ०.९ वॅट जातात. लॅबच्या ट्रेमधले रेझिस्टर पाव वॅटचे. मुलांनी हे गणित करून ‘मॅडम, दोन वॅटचा द्या’ असं म्हटलं, की मगच स्टोअरमधून तो काढून द्या. रेझिस्टरच्या आयडियल मॉडेलला तापमान नसतं, वॅटची मर्यादा नसते. खऱ्याला असते, आणि ती त्याच्या आकारावरून डोळ्यांना दिसते.

चुणचुणीत मुलं पुढचीही गोष्ट पकडतात. १०० ओहमवर रीडिंग स्थिर राहत नाही. लोड लावताच व्होल्टेज झटकन पडतं आणि मग सेकंदा-सेकंदाला हळूहळू उतरत राहतं. लोड काढला तर तसंच आधी झटकन आणि मग रेंगाळत वर येतं. म्हणजे एका रेझिस्टरचं मॉडेलही अपुरं पडलं. झटकन पडणारा भाग रेझिस्टरने सुटतो. रेंगाळणाऱ्या भागासाठी त्याच्या पुढे एक रेझिस्टर-कपॅसिटरची समांतर जोडी लागते. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी मॅनेजमेंटमध्ये अशा एक-दोन जोड्यांचीच मॉडेल्स मोठ्या प्रमाणावर वापरतात. चाकण-आकुर्डीकडे नोकरीला जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलांना हे सांगितलं, की ती स्टॉपवॉच घेऊन पुन्हा रीडिंग घ्यायला बसतात.

ओहमच्या नियमाचा इतिहासही इथेच सांगण्यासारखा आहे. पाठ्यपुस्तकं तो नियम आयडियल सोर्स आणि आयडियल रेझिस्टरचा म्हणून शिकवतात. जॉर्ज ओहमने सुरुवातीचे प्रयोग व्होल्टाच्या सेलवर केले आणि १८२५ मध्ये जे सूत्र छापलं ते लॉगरिदमचं होतं आणि चुकीचं होतं, कारण त्याचा सोर्स प्रयोग चालू असतानाच ढासळत होता. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवलं, की सेलऐवजी थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकावर चालणारा सोर्स) वापर. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, आणि १८२६ मध्ये त्याला जे सूत्र मिळालं ते असं होतं: करंट = अ ÷ (ब + क्ष). इथे ‘क्ष’ म्हणजे तपासायच्या तारेची लांबी, ‘अ’ सोर्सची ताकद आणि ‘ब’ म्हणजे बाकीच्या सर्किटचा, सोर्ससकट, रेझिस्टन्स. मूळ सूत्रातच इंटर्नल रेझिस्टन्स आहे. आपण तो नंतर काढून टाकला आणि तिसऱ्या युनिटमध्ये ‘नॉन-आयडियल’ म्हणून परत आणला. मुलांचा बॅटरीचा आलेख आणि ओहमचं सूत्र शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही एकच आहेत.

बॅटरीनंतर मीटर. माझ्या मते संपूर्ण विषयातला सगळ्यात मोलाचा तास हाच. १० व्होल्टचा सप्लाय, सिरीजमध्ये १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर. प्रत्येकावर ५ व्होल्ट यायला हवेत. डिजिटल मल्टिमीटर ४.७६ दाखवतो. मुलं लगेच म्हणतात, ‘टॉलरन्स’, म्हणजे रेझिस्टरच्या छापील किमतीतला मान्य फरक. आणि उत्तर चुकीचं म्हणता येत नाही, कारण ५ टक्के टॉलरन्सच्या दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरमध्ये ४.७५ पासून ५.२५ पर्यंत काहीही येऊ शकतं. इथे घाईने खुलासा करू नका. फक्त सांगा, दुसऱ्या रेझिस्टरवरचंही व्होल्टेज घ्या. तेही ४.७६. बेरीज ९.५२.

वर्गात शांतता पसरते. कोणीतरी पुटपुटतं, ‘केव्हीएल चुकला?’ (केव्हीएल म्हणजे किर्कॉफचा व्होल्टेजचा नियम: सिरीजमधल्या व्होल्टेजांची बेरीज सप्लायइतकी.) आता विचारा: टॉलरन्समुळे एकावर कमी आलं तर दुसऱ्यावर जास्त यायला हवं की नको? टॉलरन्स कितीही असला तरी बेरीज १० च राहणार. बेरीजच बिघडली, म्हणजे कारण दुसरं आहे. पाच-दहा मिनिटांत वर्गातून उत्तर येतं: मीटर स्वतःच सर्किटचा भाग झाला आहे. मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम. तो १ मेगाओहमला समांतर धरला, की ०.९०९ मेगाओहम होतात आणि गणितातून ४.७६ च येतात. मीटर पहिल्या रेझिस्टरवर असताना एक सर्किट होतं, दुसऱ्यावर असताना दुसरं. केव्हीएल दोन्हींत शाबूत आहे. आपण दोन वेगळ्या सर्किटांची रीडिंग एकत्र मिळवत होतो.

हाच तास जुना काट्याचा मीटर हाती घेऊन पूर्ण करा. त्याच्यावर २० किलोओहम प्रति व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे १० व्होल्टच्या रेंजला २०० किलोओहम. आधी गणित करायला लावा: १.४३ व्होल्ट. मग काटा बघू द्या. मॉडेलने आधी सांगितलेला आकडा काट्याने दाखवला, की मुलांचा मॉडेलवर विश्वास बसतो. रीडिंग आल्यानंतर जोडलेल्या खुलाशाने तो बसत नाही. अंदाज आधी पेनाने लिहून घ्या म्हणते ते यासाठी.

टॉलरन्स आणि लोडिंग (मीटरचा सर्किटवर पडणारा भार) वेगळे कसे काढायचे, ही युक्ती मुलांना पुढे जन्मभर पुरते. एकाच रीडिंगचे दोन खुलासे शक्य असतील, तर दोन्ही खुलासे ज्याबद्दल वेगळं बोलतात असं तिसरं मोजमाप शोधायचं. इथे ते मोजमाप म्हणजे बेरीज.

फंक्शन जनरेटरचंही तसंच. त्याच्या आत ५० ओहम असतात, हे दर्शनी पॅनेलवर लिहिलेलं असूनही कोणी वाचत नाही. १०० ओहम आणि १ मायक्रोफॅरडचा लो-पास फिल्टर द्या. कागदावर कटऑफ, म्हणजे जिच्यापुढे फिल्टर सिग्नल दाबायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, १५९२ हर्ट्झ. जनरेटरच्या डिस्प्लेवरचं व्होल्टेज इनपुट धरून मोजला तर १०६१ हर्ट्झच्या आसपास मिळतो, कारण रेझिस्टर १०० चा नसून १५० चा आहे. पण ऑसिलोस्कोपचा एक चॅनेल फिल्टरच्या तोंडाशी लावून गुणोत्तर घेतलं, तर पुन्हा १५९२ मिळतो. अर्ध्या बॅचला एका पद्धतीने करायला सांगा, अर्ध्या बॅचला दुसऱ्या. दोन्ही गट आपापलं उत्तर बरोबर आहे म्हणून भांडतात, आणि दोन्ही गट बरोबर असतात. सर्किटची हद्द कुठे आखली हे सांगितल्याशिवाय मॉडेलला अर्थ नाही, हे वाक्य मग मुलांच्याच तोंडून ऐकायला मिळतं.

बल्बवर मी थोडा जास्त वेळ घालवते. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब मिळतो. रेटिंगवरून रेझिस्टन्स ६.९ ओहम. थंड असताना मीटरने मोजला तर एक ओहमच्याही खाली. इथे आधी मीटरच्या वायर एकमेकींना टेकवून त्यांचाच रेझिस्टन्स बघायला लावा, कारण तो एका ओहमच्या तुलनेत दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. फोर-वायर मोजणी (करंट द्यायला दोन वायर, व्होल्टेज मोजायला वेगळ्या दोन) का लागते, हे शिकवायला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. (घरातला २३० व्होल्टचा बल्ब घेऊ नका. तोच परिणाम दिसतो, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या हातात मेन्स द्यायचं कारण नाही.)

आता व्होल्टेज वाढवत १२ पर्यंत न्या आणि करंटचा आलेख काढा. रेघ वाकते. १२ व्होल्टला बल्बचा रेझिस्टन्स किती? व्होल्टेजला करंटने भागलं तर ६.९. आलेखाच्या त्या बिंदूवरच्या उतारावरून काढला तर १२ ओहमच्या आसपास. कोणता खरा? सावकाश, काही सेकंद थांबत व्होल्टेज थोडंसं बदललं तर १२ खरा. पण त्याच १२ व्होल्टवर किलोहर्ट्झचा छोटा सिग्नल चढवला तर फिलामेंटला तेवढ्यात तापायला-निवायला सवडच मिळत नाही. त्या सिग्नलपुरता बल्ब ६.९ ओहमचा साधा सरळ रेझिस्टर असतो. एकाच बल्बची, एकाच ऑपरेटिंग पॉइंटवर दोन मॉडेल्स, आणि निवड ठरते ती बदल किती वेगाने होतो यावर. पुढे डायोडचा डायनॅमिक रेझिस्टन्स आणि ट्रान्झिस्टरचं स्मॉल-सिग्नल मॉडेल येतं तेव्हा हा बल्ब आठवत असलेली मुलं अडखळत नाहीत. ह्यूलेट-पॅकार्डच्या पहिल्या ऑसिलेटरमध्ये, १९३९ च्या सुमारास, बिल ह्यूलेटने बल्बचा हाच गुण आउटपुट स्थिर ठेवायला वापरला होता, तेही सांगा. ज्याला आपण दोष म्हणून मॉडेलमध्ये टाकतो, त्याच्यावर कोणी अख्खं उपकरण उभं करतो.

इंडक्टर आणि कपॅसिटरसाठी मी एकच रिवाज ठेवते: फ्रिक्वेन्सी सांगितल्याशिवाय मॉडेल काढायचं नाही. १ मिलिहेन्रीचा साधा चोक घ्या, वाइंडिंगचा रेझिस्टन्स ३ ओहम आणि वेढ्या-वेढ्यांमधला कपॅसिटन्स २० पिकोफॅरड धरा. ५० हर्ट्झला त्याचा एसीला होणारा अडथळा, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स ०.३ ओहम, म्हणजे तो मुख्यतः रेझिस्टर आहे. १० किलोहर्ट्झला ६३ ओहम, म्हणजे तो आता नावाप्रमाणे इंडक्टर आहे. सव्वा मेगाहर्ट्झच्या पुढे तो कपॅसिटर झालेला असतो. १००० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिकचंही तसंच. १०० हर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स १.६ ओहम, त्यापुढे ०.१ ओहमचा सिरीज रेझिस्टन्स किरकोळ. १०० किलोहर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स १.६ मिलिओहम, तिथे सगळा कारभार त्या ०.१ ओहमचाच. जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरमध्ये असतो तसला स्विचिंग पॉवर सप्लाय) बंद पडतो तेव्हा कपॅसिटन्स मीटरवर ‘ठीक’ दिसणारा कपॅसिटर दुरुस्तीवाला का बदलतो, याचं उत्तर यात आहे. सिरॅमिकबद्दल एवढंच सांगून पुढे जा, की लहान आकाराचा, जास्त मायक्रोफॅरडचा सिरॅमिक त्याच्या रेटिंगजवळच्या डीसी व्होल्टेजवर निम्म्यावर किंवा त्याखालीही येऊ शकतो. तो आलेख डेटाशीटमध्ये किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर असतो. तो शोधून आणणं हा उत्तम गृहपाठ.

आता उलट बाजू. मॉडेल्सची गोडी लागलेली हुशार मुलं मग प्रत्येक ठिकाणी सगळंच घालायला लागतात. त्यांना लगाम घालणं हेही शिकवणंच आहे. ब्रिज रेक्टिफायर द्या. २३० व्होल्टवर पीक ३२५ व्होल्ट, दोन डायोडचे मिळून १.४ व्होल्ट गेले, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. इथे डायोडला स्विच म्हणा आणि पुढे जा. तोच ब्रिज ३ व्होल्टवर: पीक ४.२४, उरले २.८४, एक तृतीयांश गायब. इथे ०.७ व्होल्टचं मॉडेल हवंच, आणि करंट खूप बदलणार असेल तर त्याच्याही पुढचं. डायोड तोच, १एन४००७. प्रश्न बदलला म्हणून मॉडेल बदललं. परीक्षेत मी ‘डायोडचं मॉडेल काढा’ असं विचारत नाही. ‘या दोनपैकी कोणत्या सर्किटात डायोडचा ड्रॉप सोडून द्याल आणि का, आकड्यांत सांगा’ असं विचारते.

काही वेळा मोजमापाचीही गरज नसते, आयडियल मॉडेल स्वतःच हात वर करतं. १२ आणि ९ व्होल्टचे दोन आयडियल सोर्स समांतर जोडा आणि केव्हीएल लिहायला सांगा. किंवा १००० मायक्रोफॅरडचा १० व्होल्टला चार्ज केलेला कपॅसिटर तेवढ्याच रिकाम्या कपॅसिटरला जोडा. आधी ऊर्जा ५० मिलिज्यूल, नंतर दोघांत मिळून २५. बाकीची गेली कुठे? मुलं वायरमध्ये रेझिस्टन्स धरतात आणि बघतात, की एक ओहम धरा की एक मिलिओहम, निम्मी ऊर्जा जातेच, फक्त किती वेळात जाते ते बदलतं. रेझिस्टन्स शून्याकडे न्यावा तर करंट अमर्याद वाढतो आणि शेवटी वायरचा इंडक्टन्स मॉडेलमध्ये घ्यावा लागतो. या चर्चेला अर्धा तास द्या, वाया जात नाही.

ऑप-अ‍ॅम्पला ७४१ च वापरा. तो जुना आहे, म्हणूनच शिकवायला चांगला आहे, त्याच्या मर्यादा साध्या ब्रेडबोर्डवर दिसतात. दहाचा गेन ठेवला तर १ मेगाहर्ट्झच्या गेन-बँडविड्थवरून (गेन आणि बँडविड्थचा गुणाकार) बँडविड्थ १०० किलोहर्ट्झ निघते. छोट्या सिग्नलला ती मिळतेही. पण आउटपुट १० व्होल्ट पीक मागितला, तर आठ किलोहर्ट्झच्या पुढे साइन वेव्हचा त्रिकोण व्हायला लागतो, कारण स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलायचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. पहिली मर्यादा लिनिअर मॉडेलमध्ये बसते, दुसरी बसत नाही. फ्रिक्वेन्सी तीच ठेवून इनपुट निम्मा केला आणि त्रिकोणाची पुन्हा साइन झाली, की मुलांना फरक डोळ्यांनी दिसतो.

सिम्युलेशनबद्दल विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बर्कलीत १९७३ मध्ये बाहेर आलं, आज एनजीस्पाइस फुकट मिळतं, आणि त्याच्यावर बेतलेलं आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिमही. जरूर वापरा, पण हाताने अंदाज आणि लॅबचं रीडिंग यांच्यामध्ये, त्यांच्या जागी नाही. स्पाइसमधला पाव वॅटचा रेझिस्टर शंभर वॅट झाले तरी जळत नाही, तिथली बॅटरी उतरत नाही, ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरड असतात हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. उलट सर्किट सुटावं म्हणून डायोड-ट्रान्झिस्टरच्या आतल्या प्रत्येक जंक्शनला समांतर दहाचा बारावा घात इतक्या ओहमचा रेझिस्टन्स ते स्वतःहून जोडतं. मुलांना एक काम द्या: लॅबच्या रीडिंगशी जुळेपर्यंत सिम्युलेशनमध्ये घटक वाढवत न्या, आणि प्रत्येक घटकापुढे तो कोणत्या रीडिंगमुळे घातला ते लिहा. कारण लिहिता येत नसेल तर तो घटक काढून टाका.

जर्नलाचा तक्ता बदला. आयडियल अंदाज, मॉडेलने अंदाज, रीडिंग, आणि उरलेला फरक, असे रकाने करा. उरलेल्या फरकाशेजारी मीटरची अचूकता लिहायला लावा. साध्या मीटरवर डीसी व्होल्टला ती अर्धा टक्का अधिक एक-दोन डिजिट अशा स्वरूपात दिलेली असते. फरक त्याच्या आत असेल तर काम संपलं. बाहेर असेल तर एक वाक्य हवं: कशाचा संशय आहे, आणि तो तपासायला काय मोजाल. ‘प्रॅक्टिकल एरर’ हे दोन शब्द दिसले की जर्नल परत. पहिल्या महिन्यात खूप जर्नलं परत जातात. तो महिना सोसा. रीडिंग बनवून लिहिणंही यानेच कमी होतं, कारण अगदी जुळणाऱ्या रीडिंगला आता जास्त मार्क मिळत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर जादा तास लागत नाहीत. डिव्हायडर, आरसी फिल्टर, रेक्टिफायर, इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर ही प्रॅक्टिकल्स बहुतेक सिलॅबसमध्ये आहेतच. बदलते ती फक्त घटकांची किंमत आणि आधी लिहून घ्यायचा अंदाज. १ किलोओहमच्या जागी १ मेगाओहम घेतला, की तोच डिव्हायडर वेगळा धडा देतो. पहिल्या वर्षाला बॅटरी, मीटर आणि टॉलरन्स, दुसऱ्याला बल्ब आणि फ्रिक्वेन्सी, डायोड-ऑप-अ‍ॅम्प जिथे येतात तिथे. कपॅसिटरच्या बारकाव्यांत पहिल्या वर्षाला शिरू नका.

इलेक्ट्रिकलच्या मुलांना तर ट्रान्सफॉर्मरची ओपन-सर्किट आणि शॉर्ट-सर्किट टेस्ट करावीच लागते, आणि ती म्हणजे मॉडेल मोजून काढण्याचाच शंभरेक वर्षं जुना धडा आहे. पण पुष्कळ ठिकाणी ती आकडे भरण्यापुरती होते. टेस्ट झाली, इक्विव्हॅलंट सर्किट निघालं, की लगेच त्यावरून पूर्ण लोडवरचं व्होल्टेज किती पडेल ते लिहून घ्या आणि मग लोड लावा. बाजारात मिळणारा बारा-झिरो-बाराचा छोटा ट्रान्सफॉर्मरही शेजारी ठेवा, लोड नसताना तो बाराच्या बराच वर दाखवतो. का, ते मुलांना त्याच मॉडेलवरून सांगता यायला हवं.

राहिले एक्स्टर्नल. काही परीक्षकांना रीडिंग जुळलेलंच बघायची सवय असते, आणि ४.७६ पाहून ते मार्क कापतील अशी मुलांना धास्ती असते. त्यावर उपाय असा, की मुलांना दोन वाक्यांत उत्तर द्यायचा सराव करून घ्या: आयडियल ५ यायला हवे होते, मीटरचे १० मेगाओहम धरून ४.७६ येतात, तेवढेच आले. व्हायवात हे न अडखळता सांगणाऱ्या मुलाला परीक्षक सहसा पुढचा प्रश्न विचारतात, ‘मग ५ च दिसायला हवे असतील तर काय कराल?’ त्याचंही उत्तर वर्गात आधीच घेऊन ठेवा: मीटरच्या आधी ऑप-अ‍ॅम्पचा बफर (सर्किटवर भार न टाकता व्होल्टेज तसंच पुढे देणारा). आणि ७४१ घेणार असाल तर त्याचा बायस करंट (इनपुटमधून वाहणारा छोटा करंट) ८० नॅनोअ‍ॅम्पियर आहे. डिव्हायडरच्या ५०० किलोओहममधून तो वाहिला की ४० मिलिव्होल्टचा फरक पडतो, तर मग कोणता ऑप-अ‍ॅम्प?